आमच्या अंगणात शिरलेला बिबट्या

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागे मी हे माझ्या मावसबहिणीला सांगितलं, तर तिने बशीसकट चहा नव्या सोफ्यावर उपडा केला आणि तो डाग अजून मलाच ऐकवते. म्हणून आधीच बजावते. आणि हेही सांगून टाकते, की चूक माझी होती. सगळी माझी! कॅमेऱ्याची नाही, दत्तूभावजींची नाही, बिबट्याची तर मुळीच नाही.

हो, बिबट्यासुद्धा आहे यात. येईल, दम धरा.

आमचं घर पोशीरला, गावाच्या अगदी टोकाला. पुढे अंगण, अंगणात पारिजातक, कडेला कोंबड्यांचं खुराडं. कुंपणाच्या पलीकडे जी भाताची खाचरं सुरू होतात ती थेट डोंगराच्या पायथ्याशी जाऊन थांबतात. घरात आम्ही दोघंच, मी आणि हे. लेक मनीषा खालापूरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण आलं. खरं तर ते माहेरी व्हायचं, पण तिचा डॉक्टर तिकडचा, जावयाची नोकरी शिफ्टची. ती म्हणाली, "आई, मी नाही येत, तुम्हीच दोघं या." म्हणजे महिनाभर मुक्काम खालापूरला आणि पोशीरच्या घराला कुलूप.

आता घराचं काय?

शेजारी दत्तूभावजी आणि त्यांची बायको यमुना. कुंपणाला कुंपण, बांधाला बांध. भावजी म्हणाले, "वयनी, तुमी जा बिनघोर. कोंबड्या मी कोंडीन सांच्याला. मी हाय ना!"

इथेच मी "बरं भावजी" म्हणून गप्प बसायला हवं होतं की नाही? पण नाही! मनीषाने फोनवर एक शब्द टाकला: "आई, कॅमेरा बसव बाहेर. इकडे सगळ्यांनी बसवलेत." आणि तो शब्द माझ्या डोक्यात आंब्याच्या कोयीसारखा रुजला.

गेलो कर्जतच्या बाजारात. दुकानदार भला माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. "घराबाहेरचा हवा? रात्री दिसणारा?"

हे म्हणाले, "साधा द्या हो. चोर आला तर दिसला म्हणजे झालं."

"पावसात चालेल ना?" मी विचारलं.

"ताई, जो कर्जतच्या पावसात टिकला तो समुद्रात टिकला!"

मग तो समजावून सांगायला लागला. एक प्रकार असा, की कोणी आलं की झपकन दिवा लागतो आणि रात्रीसुद्धा रंग दिसतात. दुसरा दिवा लावत नाही. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडतो आणि काळोखातलं काळंपांढरं दाखवतो. त्याने स्वतःच्या परसातलं रात्रीचं चित्र मोबाईलवर लावून दिलं.

काय सांगू! तुळस चांदीची झालेली. मांजर चाललंय तर त्याच्या डोळ्यांचे दोन दिवे आधी पुढे जातात, मग मांजर. एक पाखरू आलं आणि काळोखात पांढऱ्या दोऱ्याने काहीतरी भरतकाम करून निघून गेलं. कुठे आवाज नाही, कोणाची चाहूल नाही. सगळं आपल्याशीच जागं.

मी दुकानात उभी होते ते विसरलेच. चोर गेला खड्ड्यात! संसार सगळा ज्या अंगणात झाला ते अंगण, आपण कोणी बघत नसताना कसं दिसतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. सडा घातला, भात वाळवलं, मनीषाच्या लग्नाचा मांडव घातला. पण ते एकटं असताना काय करतं?

"हाच द्या," मी म्हटलं.

"यातून बोलतापण येतं," दुकानदार उत्साहात आला. "तुम्ही मोबाईलवर बोला, तिकडे अंगणात ऐकू जाईल. हे माईकचं चिन्ह एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. साध्या मॉडेलचा आवाज बारीक येतो. ह्याचा पार पुढच्या आळीत जातो! आणि हे दाबलं की भोंगा."

"मोठ्या आवाजाचा काय करायचाय? तू बोलणार कोणाशी?" ह्यांनी विचारलं.

"कोंबड्यांशी."

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

तर असा तो मोठ्या आवाजाचा कॅमेरा पडवीच्या वाशाला लागला. बसवताना दत्तूभावजी कुंपणाशी येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून.

"ह्यो कोनासाठी, वयनी?"

"चोरांसाठी, भावजी."

"हितं चोर कोन हाय? ह्या बाजूला डोंगार आन् ह्या बाजूला मी."

मी हसले. ते हसले नाहीत. "आमी मेलो नाय अजून," एवढंच म्हणाले आणि आत गेले. जाताना फाटक आपटलं असतं तर बरं वाटलं असतं हो. त्यांनी ते इतकं हळू लावलं, की खालापूरला पोहोचेपर्यंत माझ्या कानात तेच वाजत होतं.

खालापूरला नात झाली. गोरीपान, नाकेली, आणि रात्र म्हणजे दिवस समजणारी! मनीषाचं घर दुसऱ्या मजल्यावर. खाली रस्ता, पलीकडे एक्सप्रेसवे. दिवसरात्र ट्रकांची घरघर. संध्याकाळी शेक-शेगडी आटपली की मी आतल्या खोलीत गादीवर आडवी व्हायची आणि मोबाईल उघडायची.

मग काय, ट्रक गेले, भिंती गेल्या. मी माझ्या अंगणात!

दिवेलागणीला रंग हळूहळू निघून जायचे. आधी जास्वंदीचा लाल, मग गवताचा हिरवा. मग एकदम डोळा मिटून उघडावा तसं चित्र पांढरं व्हायचं. पारिजातक दुधात बुडवून काढल्यासारखा. खाचरांवरून धुकं यायचं, कुंपणाशी थांबायचं, विचारल्यासारखं करायचं आणि आत यायचं. एकदा एका कोळ्याने कॅमेऱ्यासमोरच जाळं विणलं. त्याचा एकेक धागा नावेच्या दोरखंडाएवढा दिसत होता. मला वाटलं, या दोरीला धरून आपण पलीकडे जाऊ शकू. कुठे ते माहीत नाही. नुसतं पलीकडे.

कोंबड्यांना मी खरोखरच हाका मारायची. "आ, आ, आ! या गं बायांनो, घरी या!" पहिल्या दिवशी सगळ्या माना वर करून आभाळाकडे बघायला लागल्या. बिचाऱ्यांना वाटलं असेल, गेली वाटतं ही. पुढे सवय झाली. हाक ऐकली की रांगेने खुराड्यात.

मग दत्तूभावजी यायचे. खुराड्याचं दार लावायचे, कडी ओढून बघायचे. पण एकदाही वर बघायचे नाहीत. अबोला धरलेल्या माणसाच्या दारावरून जातो ना आपण, तसं तोंड फिरवून जायचे. मला खूप वाटायचं, बटण दाबावं आणि म्हणावं, "जेवलात का भावजी?" पण बोट काही उठायचं नाही. कोंबड्यांशी बोलायला लाज वाटत नव्हती, माणसाशी वाटत होती.

तर त्या दिवशी. आदल्या रात्री नातीने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. संध्याकाळी आभाळ भरून आलेलं, काळोख लवकर पडला. मी आडवी झाले, मोबाईल उघडला, माईकचं चिन्ह दाबलं, "या गं बायांनो" म्हटलं. बायका निघाल्या रांगेने. धुकं आलं. पारिजातकाचं एक फूल अवेळीच गळताना दिसलं, खरंच दिसलं, पांढरा ठिपका गिरक्या घेत खाली आला...

माईक परत दाबायचा राहिला. मोबाईल छातीवर, आणि मी गेले.

काय स्वप्न होतं! मी त्या चांदीच्या अंगणात चालतेय, पाय जमिनीला लागत नाहीत. फुलं खालून वर पडतायत. कोंबड्या ओळीने पाटावर बसून माझ्या नातीसाठी टोपडी विणतायत. सगळीकडे कशी शांतता! फक्त लांब कुठेतरी कोणीतरी लाकूड कापतंय. करवत जातेय, येतेय, जातेय, येतेय. मी तांबड्या कोंबडीला विचारलं, "कोण गं ते ह्या वेळी?" ती म्हणाली, "आम्हाला काय माहीत? तू नाही का सांगितलंस?"

तेवढ्यात छातीवर मोबाईल थरथरला. कॅमेऱ्याचा निरोप: 'माणूस दिसला.' डोळे चोळून बघते तर काय!

अंगणभर माणसं! एक नाही, दोन नाही, झुंडच्या झुंड! डोक्यावरून प्लास्टिक ओढलेली, तोंडाला टॉवेल, चेहरे पिठासारखे पांढरे आणि डोळे भुताचे, लखलख चमकणारे! कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात कोयता. दबक्या पावलाने माझ्या पडवीकडे येतायत!

दरोडा!

मी आधी भोंगा दाबला. मग ओरडले. असा आवाज मी स्वतःच्या लग्नात उखाणा घेतानासुद्धा काढला नव्हता. "चोर! चोर! मुडद्यांनो, घरात पाऊल टाकाल तर तंगड्या तोडीन!"

दरोडेखोर जे उधळले! एक कुंपणावरून गेला, एक कुंपणातून गेला. एक थेट आमच्या उकिरड्यात बसला.

माझा आवाज ऐकून हे धावत आले. नात रडायला लागली, मनीषा ओरडायला लागली. मी ह्यांच्या हातातला फोन हिसकावला आणि लावला कोणाला? दत्तूभावजींना! अबोला गेला चुलीत. घर जळताना माणूस शेजाऱ्यालाच हाक मारतो.

"भावजी! धावा हो! माझ्या घरात..."

"वयनी?" तिकडून भोंग्याचा कल्लोळ. "वयनी, तुमी घरात हाय? मोट्यानं बोला, काय ऐकाया येईना!"

"घरात! घरात! या लवकर, जीव जातोय माझा!"

"भिऊ नका वयनी! आतच ऱ्हावा! आलो मी!"

फोन बंद. मी दुसऱ्या हातातला मोबाईल डोळ्यांशी नेला. आता भावजी येतील, चोरांना झोडपतील. पण कुठले भावजी? पळालेल्या झुंडीतला एक दरोडेखोर उलटा फिरला! बाकीचे त्याचा सदरा धरून मागे ओढतायत, तो झटका देऊन सुटला. एका हातात कोयता. दुसऱ्या हाताने त्याने धुण्याच्या दगडावरची माझी परात उचलली आणि छातीपुढे ढालीसारखी धरली. पडवीत चढला. कोयत्याच्या पाठीने कुलपावर घाव घालायला लागला.

"अहो, माझं दार! अहो, तो मोडतोय!" मी किंचाळतेय. आणि गंमत अशी, की मी जितकी किंचाळावी तितका तो जोराने हाणतोय!

कडी निखळली. दार आत कोसळलं. तो शिरला. आणि त्याने पडवीतला दिवा लावला.

दिवा लागल्याबरोबर कॅमेऱ्यात एकदम रंग आले. निळा सदरा, पिवळी परात, कमरेपर्यंत लाल चिखल. भोंगा एव्हाना दमून थांबला होता. आणि मला ऐकू आलं.

"वयनी! वयनी ओ! कुटं हाय तुमी?"

दत्तूभावजी होते हो! माझ्या घरात मला शोधत होते. आत जात होते, बाहेर येत होते, झोपाळ्याखाली वाकून बघत होते. घाईघाईत हातातली परात दाराच्या चौकटीवर टणटण वाजत होती.

मी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "भावजी... मी खालापूरला आहे."

ते थबकले. आणि कॅमेरा लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"मंग आतमंदी कोन वराडत हुतं?"

कळलं ते असं. भावजी कोंबड्या कोंडायला आले, तर पडवीच्या काळोखातून बिबट्याची गुरगुर. चांगली मोठी, दम खाऊन खाऊन. ते पळत गेले, आळीतली माणसं गोळा केली, काठ्या-कोयते घेऊन सगळे आले. तेवढ्यात भोंगा, आणि मागोमाग माझा आवाज, बंद घरातून! त्यांना वाटलं, मी कधीतरी परत आलेय आणि बिबट्याच्या तावडीत सापडलेय. वर मी फोनवर सांगितलं, जीव जातोय. मग राहिला असता का तो माणूस?

बिबट्या मात्र कोणाला दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषापाशी जावई थांबले आणि आम्ही दोघं पोशीरला गेलो. अंगणात सगळं गाव, मध्ये वनखात्याचे साहेब वाकून चिखल बघतायत. "पायाचा ठसा तर नाही. नुसती माणसांची पावलं आहेत. आणि इथे उकिरड्यात कोणीतरी बसलंय. कॅमेऱ्यात काही आलंय का?"

"आलंय तर!" मी ऐटीत पुढे झाले. काही झालं तरी कॅमेरा निवडला कोणी होता? "आवाजासकट येतं सगळं!"

अख्खं गाव माझ्या मोबाईलभोवती जमलं. मी लावलं. धुकं, खुराडं, पारिजातक. आणि मग आला. खर्रर्र... घुर्रर्र... खर्रर्रर्र...

बायका मागे सरकल्या. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "बिबट्याच. करवत चालल्यासारखा आवाज असतो त्याचा. नर असावा. चांगला वयात आलेला, भरदार."

"ऐका, ऐका!" मी आवाज वाढवला. "काय जनावर आहे बघा!" सगळे ऐकत होते, फक्त हे पारिजातकाच्या शेंड्याकडे बघत उभे. "अहो, तुम्हीही ऐका ना!"

"ऐकतोय," हे म्हणाले.

खर्रर्र... घुर्रर्र... मग गुरगुर थांबली. बिबट्याने दोनदा मचमच केलं. आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "मने, दुपटी आत घे गं, पाऊस आला."

खुराड्यातली एक कोंबडी तेवढी घसा खाकरून गेली.

पहिली फुटली ती यमुना. मग आळी. मग उकिरड्यात बसलेला तो, आणि शेवटी वनखात्याचे साहेब. टोपी तोंडावर धरून ते कुंपणापर्यंत गेले आणि तिकडेच थांबले.

"हे काहीतरी... मशीनचा बिघाड आहे," मी म्हटलं.

"बिघाड नाही साहेब," हे शांतपणे म्हणाले. "पहिल्यापासून असंच आहे."

"मी घोरते? आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत?"

"लग्न झाल्यावर आठवड्याने सांगितलं होतं. तू रुसून माहेरी गेलीस. मग नाही सांगितलं."

लोक पांगले. दत्तूभावजी मात्र थांबले होते. खिळे-हातोडी घेऊन माझं मोडलेलं दार चौकटीत बसवत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"भावजी, चुकलं माझं. कॅमेरा काढून टाकते."

"कशाला? ऱ्हाऊ द्या." त्यांनी खिळा ठोकला. "चोरांसाठी म्हनालात ते लागलं हुतं, खोटं कशाला बोलू. पर वयनी, आतून तुमची हाक आली. मंग वाघ काय आन् वाघाचा बाप काय!"

मला रडू आलं. चहा टाकायच्या निमित्ताने मी आत गेले.

चहा पिताना भावजी जरा चुळबुळले. "वयनी, एक मागू का? त्यो आवाज माज्या मोबाईलवर टाकाल?"

म्हटलं, घ्या, हसायला हवा असेल. तुमचा हक्कच आहे.

पण हसायला नको होता हो! भात पोसवलं की आमच्याकडे डोंगरातून रानडुकरं उतरतात, रात्रीत खाचर लोळवून जातात. भावजींनी शेताच्या मध्ये बांबू रोवला, त्याला भोंगा बांधला आणि लावला माझा आवाज. एक डुक्कर फिरकेल तर शपथ! मग बांधाच्या पलीकडच्यांनी मागितला. मग खालच्या वाडीतल्यांनी. आता परतून आलोय आम्ही घरी, तर बघा कसं असतं. चांदणं पडलेलं, खाचरांवर धुकं, ओंब्या दवाने वाकलेल्या, आणि त्या सगळ्यावरून चारी बाजूंनी मी. इकडून खर्रर्र, तिकडून घुर्रर्र. डोंगरावर आपटून परत येते तीही मीच!

गावाचं भात वाचलं, पण माझी झोप गेली. परवा शेवटी उठले आणि ह्यांना गदागदा हलवलं. "अहो, कसं झोपायचं हो माणसानं असल्या आवाजात?"

ह्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. कुशीवर वळले आणि म्हणाले, "दहा-बारा वर्षं जाऊ दे गं. होते सवय."